रिकामं भांडं

"दारातला दिवा चालू राहू दे," एझेलमामा पायऱ्यांवर बसलेल्या भाचरांना म्हणाले. "ऑर्वल चर्चमध्ये माझ्या शेजारी उभा राहून गातो. त्याच्याच तोंडून ऐकलंय हे."

मागच्या वर्षीची सतरा ऑक्टोबर, शुक्रवार. ऑर्वल कोरावहिनींकडे बायकोचं, विल्माचं, भांडं आणायला गेला होता. वहिनींच्या नवऱ्याला, लेव्हॉनला, माती दिल्यावरच्या जेवणाला विल्मानं त्यातून मॅकरोनी नेली होती.

"रिकामं भांडं परत देऊ नये, भावजी," कोरावहिनींनी भांडं घासूनपुसून चंदेरी कागदात गुंडाळलं. "पण केक करायला मनच होईना."

"असू द्या हो, वहिनी."

त्याला त्यांच्याकडे बघवेना. त्याच्या खिशात लेव्हॉनचा माउथ ऑर्गन होता.

दोघांनी एकाच दुकानातून, एकाच पट्टीचे बाजे घेतले होते. लेव्हॉन ब्लूजची संथ, उदास गाणी वाजवायचा. श्वास आत ओढता ओढता एक सूर असा खाली वाकवायचा, की बायका हातातलं काम विसरायच्या. विल्मासुद्धा. तेच ऑर्वलला खुपायचं.

"मेल्याच्या बाज्यातच काहीतरी आहे!" ऑर्वल चिडायचा.

"बाज्यात नाही रे," लेव्हॉन हसायचा. "तू जिंकायला वाजवतोस. मला कसली घाई नसते."

वहिनींनी तो बाजा नवऱ्याच्या कोटाच्या खिशात ठेवला होता, त्याच्यासोबत जावा म्हणून. शेवटचं दर्शन घेताना ऑर्वल शवपेटीवर वाकला. तो बाजा काढून घेतला आणि त्याजागी आपला ठेवला, खिळ्यानं स्वतःचं आद्याक्षर कोरलेला. कुणी पाहिलं नाही.

साडेआठ वाजले होते. कापसाच्या शेतांमधल्या खडीच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ऑर्वलनं भांडं काखोटीला मारलं आणि बाजा ओठांना लावला.

श्वास ओढला. सूर वाकला. थेट लेव्हॉनसारखा! चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

हर्षानं त्यानं बाजा खाली घेतला.

सूर थांबला नाही...

अगदी कानाशी. कुणीतरी श्वास आत ओढत होतं. सावकाश. घाई नव्हती.

"लेव्हॉन...?"

त्याची स्वतःची छाती भरू लागली. श्वास आत येत राहिला. बाहेर जाईना. आत... आणखी आत...

तो पळाला. चर्चच्या मागे. लेव्हॉनच्या थडग्याच्या ओल्या मातीपाशी गुडघे टेकले. बाजा मातीत खोल दाबला. ओठ नुसतेच हलले. चुकलो रे... तुझं तुला...

श्वास सुटला.

घरी विल्मानं भांडं हातात घेतलं. "रिकामं ना हे? मग आत काय वाजतंय?"

कागद तसाच होता, घडीही मोडली नव्हती. तिनं तो उलगडला. आत माउथ ऑर्गन. भोकांत काळी माती. पाठीवर खिळ्यानं कोरलेलं 'ऑ'.

मामा थांबले. धाकट्या भाचीनं हळूच विचारलं, "ऑर्वल वाजवतात का तो अजून?"

"वाजवतो की, बाळा. आता दमानं वाजवतो. वहिनी खिडकी उघडून ऐकतात."

मग ते दिव्याकडे बघत म्हणाले, "दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो परत आलेला बाजा हातात घेतला होता. तोपर्यंत त्याला कुणी ओठ लावले नव्हते."

"मग?"

"कोमट होता... आणि ओला."