आता वारा तुझा

सायकलची साखळी पुसायचं काम काकूंनी कधी घाईत केलं नाही. त्या शनिवारी पहाटे साडेचारलाही त्या ओट्याशेजारी बसून जुन्या बनियनच्या तुकड्यानं एकेक कडी पुसत होत्या. चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात तीस वर्षं गेलेली. बारीक काम हाताला आपोआप यायचं.

"आई, ती साखळी आहे, दागिना नाही," लेक जांभई देत म्हणाली.

"दागिना असता तर कपाटात ठेवून विसरले असते."

"डॉक्टर काय म्हणाले ते तरी आठवतंय का?"

"आठवतंय. एवढंच शेवटचं."

"मागच्या वर्षीपण शेवटचंच होतं."

"मागच्या वर्षी पूर्ण कुठे झालं? जे पूर्णच झालं नाही, ते शेवटचं कसं धरायचं?"

लेकीनं हात जोडले आणि पाण्याच्या बाटल्या भरायला घेतल्या. आईशी वाद घालण्यापेक्षा चढावर सायकल ढकलणं सोपं, असं ती मैत्रिणींना सांगायची.

क्लबची ती वार्षिक फेरी चारशे किलोमीटरची होती. शनिवारी सकाळी सहाला निघायचं आणि सत्तावीस तासांत, म्हणजे रविवारी नऊच्या आत, परत त्याच दारात यायचं. वाटेतल्या ठाण्यांवर कार्डावर शिक्का घ्यायचा. नऊला एक मिनिट जरी वर झालं तरी घड्याळकाका शिक्का खिशात टाकत. ते घड्याळं दुरुस्त करणारे. त्यांच्याकडे गयावया चालायची नाही.

काकूंना ही फेरी गेल्या आठ वर्षांत एकदाही पुरी करता आली नव्हती. लोक गुडघ्याला बोल लावत. काकू लावू देत. खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती त्यांनी कुणालाच सांगितलेली नव्हती.

शेवटच्या ठाण्यानंतर मिठागरांमधून जाणारा बांध लागतो. बावीस किलोमीटर सरळ रस्ता, दोन्हीकडे पाणी, आडोशाला झुडूपसुद्धा नाही. समुद्रावरचा वारा सदा समोरून. तिथं एकट्यानं जाणं म्हणजे भिंत ढकलत नेणं. म्हणून सायकलवाले जोडीनं जातात. एक पुढं राहून वारा फोडतो, दुसरा त्याच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर राहतो. मागच्याचे कष्ट बरेच कमी होतात. दहा मिनिटं झाली की पुढचा कोपर बाहेर झटकतो. म्हणजे, आता वारा तुझा. मग मागच्यानं पुढं व्हायचं, काही न बोलता.

आठ वर्षांपूर्वी काकूंचे जोडीदार होते मास्तर. शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांचा डावा कोपर लहानपणी मोडलेला, पुरता उघडायचा नाही. त्यामुळे त्यांचा इशारा दोन तुटक झटक्यांचा असे, पाखरानं दुखरा पंख फडफडवावा तसा. त्यांच्या खिशात कायम खडू. कुणी वारा घ्यायला अंगचोरपणा केला की पुढच्या थांब्यावर मास्तर त्याच्या सायकलच्या दांडीवर पांढरी रेघ ओढत. त्यानं वारा घेतला की रेघेवर आडवी काट. स्वतःची रेघ स्वतः पुसायची नाही, हा क्लबचा नियमच झाला होता. सगळे हसत, पण पाळत.

त्या सकाळी बांधावर मास्तरांनी तीनदा कोपर झटकला.

काकूंनी तिन्ही वेळा मान खाली घातली. इशारा दिसलाच नाही, असं दाखवलं. पाय भरून आले होते, वेळ थोडा होता, आणि त्या पाठीमागे किती ऊब होती! बांध संपल्यावर मास्तर मागं पडले. "हो तू पुढं," एवढंच म्हणाले. काकूंनी वेळेत शिक्का घेतला, पदक घेतलं. तासाभरानं क्लबची माणसं उलटी गेली, तेव्हा मास्तर बांधाच्या टोकाशी मैलाच्या दगडाला टेकून बसलेले सापडले. हृदय बंद पडलं होतं. हातात खडू होता, म्हणतात.

ते पदक काकूंच्या सुयादोऱ्यांच्या डब्यात तळाला पडून होतं. एकदा, फक्त एकदा, तो बांध स्वतःच्या छातीवर वारा घेऊन पार करायचा, मगच सायकल खुंटीला टांगायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पण दर वर्षी बांधाच्या तोंडाशी पाय आपोआप उतरायचे. कधी बांधाची कड दिसली की परतायच्या, कधी तिथंच वेळ संपायचा.

या वेळी मात्र त्या रविवारी पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी शेवटच्या ठाण्यावर पोचल्या. मिठागराच्या उपाहारगृहातल्या पहारेकऱ्यानं कार्डावर शिक्का मारला.

"धुकं उतरलंय बाई. थांबा थोडं. उजाडू द्या."

"उजाडेपर्यंत थांबले तर नऊ इथंच वाजतील."

"एकट्याच?"

काकूंनी गुडघ्याची पट्टी घट्ट केली. "एकटीच."

बांध लागला तसा आवाजच बदलला. पाणी, वारा, दोन्ही कानांना लागत होते, दिसत काहीच नव्हतं. समुद्राचं धुकं वाऱ्याबरोबर येतं, त्याला वारा पांगवत नाही. दिव्याचा उजेड हातभर जाऊन मऊ भिंतीवर आपटत होता. हवेला खारट, कुजकट वास. चाळीस मिनिटं काकू दात आवळून पायडल मारत राहिल्या. मैलाचा दगड आला तेव्हा कळलं, जेमतेम तीन किलोमीटर झाले होते. अशानं दहा वाजून जातील, नऊ नाही.

आणि तेव्हा पुढं लाल दिवा दिसला.

मिणमिणता, जमिनीलगत. कुणीतरी सायकलवाला. काकूंच्या पायांनी त्यांना न विचारताच जोर धरला. जवळ जाऊन त्यांनी रिवाजाप्रमाणे हाक दिली, "मागे आहे!"

उत्तर आलं नाही. फक्त एक हात खाली आला, तळवा उघडा. ये.

काकू त्या चाकामागे शिरल्या. वारा थांबला. एकदम, दार लावून घ्यावं तसा. गुडघ्यानं सुस्कारा सोडला.

कुणाच्या मागे चालवताना माणसाकडे बघायचं नसतं, चाकाकडे बघायचं. नजर वीतभर पुढच्या टायरवर. चेहरा, टोपी, सदरा, काहीच दिसत नाही. चाक वळलं की वळायचं, एवढंच. ही सवय इतकी मुरलेली, की कोण आहे हे बघायचं काकूंच्या मनातही आलं नाही. भराभर दगड मागे पडत होते. चार, सहा, नऊ... वेळेत पोचणार होत्या त्या!

मग थोडं फटफटलं. राखाडी उजेडात आधी टायर दिसलं, मग त्यावरचं मडगार्ड. मडगार्डवर काहीतरी रंगवलेलं होतं.

डोळा.

एक मोठा, पापण्यांसकट काढलेला डोळा. खालच्या पापणीचा रंग उडालेला. तो डोळा काकूंच्या ओळखीचा होता. "मागे लक्ष आहे बरं का माझं," असं म्हणत मास्तरांनी तो रंगवला तेव्हा काकूंनीच डबी धरली होती. पापणीचा रंग त्यांच्याच नखानं निघाला होता.

काकूंचा श्वास वाफ होऊन तोंडासमोर येत होता. पुढून मात्र वाफ येत नव्हती. धाप नाही, खोकला नाही, घामाचा वास नाही. नुसता ओल्या खडूचा वास. पावसाळ्यात शाळेचा फळा पुसल्यावर येतो तसा.

मग डावा कोपर हलला. दोनदा. तुटक.

काकूंनी मान खाली घातली.

घातली, आणि तशीच त्यांना स्वतःची मान दिसली, आठ वर्षांपूर्वीची. हीच खालची मान, हेच टायर. ब्रेक दाबावा, सायकल टाकावी, उलटं पळावं, असं सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं. आणि हेही आलं, की मागे राहिलं तर आपण वेळेत पोचतो. नुसतं मागे राहायचं. इशारा दिसला नाही म्हणायचं. धुकंच आहे, कोण बघतंय?

मडगार्डवरचा डोळा बघत होता.

"मास्तर," काकू म्हणाल्या. "मास्तर... येतेय मी पुढं."

त्या बाहेर निघाल्या. वाऱ्यानं थाडकन तोंडात मारलं. शेजारून जाताना त्यांनी डावीकडे पाहिलं नाही. पुढं झाल्या आणि मागे वळूनही पाहिलं नाही. पुढच्यानं मागं बघितलं की हँडल हलतं आणि मागचा पडतो. हाही नियमच.

मागून हलकी टिकटिक सुरू झाली. चालवणारा मध्येच पाय थांबवतो तेव्हा मागचं चाक असं टिकटिकतं. मागचा माणूस आरामात आहे, असा त्याचा अर्थ.

"बसा आरामात," काकू पुटपुटल्या. रडू येत होतं की वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं, त्यांनाच कळेना. गुडघा सुईनं शिवल्यासारखा दुखत होता. दहा किलोमीटर राहिले होते. दर दगडापाशी त्या मोठ्यानं आकडा म्हणत. दर वेळी मागून टिकटिक येई. कधी इतकी जवळ, की पाठीवर गार काहीतरी टेकल्यासारखं वाटे. कोपर झटकावा असं शंभरदा वाटलं. त्यांनी दोन्ही कोपर अंगाशी घट्ट धरले.

बांधाच्या टोकाशी शेवटचा मैलाचा दगड धुक्यातून वर आला. तो मागे पडला, आणि टिकटिक थांबली. काकूंनी तरीही मागे पाहिलं नाही.

आठ वाजून त्रेपन्न मिनिटांनी त्या क्लबच्या दारात उतरल्या. उतरल्या म्हणजे लेकीच्या अंगावर कोसळल्या. घड्याळकाकांनी दोनदा घड्याळ पाहिलं, शिक्का मारला आणि तोंड फिरवून नाक पुसलं.

"सात मिनिटं हातात ठेवून आलात की! बांधावर कुणाची सोबत मिळाली?"

"वारा मी घेतला," काकू म्हणाल्या. तेवढंच.

लेक सायकल पुसायला लागली होती. चिखल, मीठ, पाणी. फडकं निथळत होतं. "आई, ह्या रेघा कुणी काढल्या? जातच नाहीयेत."

दांडीवर खडूच्या तीन रेघा होत्या. ओल्याचिंब दांडीवर, कोरड्या ठणठणीत. बोट लावलं तर पूड लागेल अशा. पहिलीवर आडवी काट होती.

घड्याळकाका वाकून बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"नको पुसूस," काकू म्हणाल्या. "आपली आपण पुसायची नसते."

घरी सायकलनंच निघाल्या. लेकीनं रिक्षा म्हटलं, काकूंनी ऐकलं नाही. घर चारच किलोमीटर, धुकं विरलेलं, रस्त्यावर छान ऊन. "बरं, मग मी पुढं. तू मागे राहा गपचूप," लेक दटावून म्हणाली आणि आपल्या सायकलवर टांग मारून पुढं झाली.

काकू तिच्या चाकामागे राहिल्या. या वेळी मात्र त्यांनी चाकाकडे पाहिलं नाही, लेकीच्या पाठीकडे पाहिलं. लहानपणी दांडीवर बसवून फिरवलेली पोर, आता केवढी रुंद पाठ झालीय हिची! पूल ओलांडून रस्ता मोकळ्यावर आला. समोरून वाऱ्याची एक झुळूक आली, खारट.

लेकीचा डावा कोपर हलला. दोनदा. तुटक, दुखऱ्या पंखासारखा.

पण या वेळी काकूंची मान खाली गेली नाही. दुखरा गुडघा दाबत त्या बाहेर निघाल्या, पुढं झाल्या आणि घर येईपर्यंत पुढंच राहिल्या.

"ऐकायचं नाही म्हणजे नाहीच का गं तुला?" दारात उतरताच लेक चिडली. "कशाला पुढं गेलीस?"

"तू कोपर झटकलास ना."

"मी? मला तो इशारा येतसुद्धा नाही. आणि त्या खड्ड्यांत मी हँडलवरचा हात कशाला काढीन?"

काकूंनी दांडीकडे पाहिलं. दुसऱ्या रेघेवर काट होती.

लेक आत जाऊन भिंतीवरची मोठी खुंटी रिकामी करू लागली. काल ठरलं तसं सायकल आज वर टांगायची होती, कायमची. ती आतून हाका मारत होती. काकूंनी ओल्या फडक्यानं साखळी पुसली, एकेक कडी, सावकाश. मग तेल घातलं. चाकात हवा भरली.

आणि सायकल त्यांनी दाराबाहेर उभी केली, तोंड रस्त्याकडे करून.