अर्ध्या मिलिमीटरची गोलाई

१९७१ साल. मी पंचवीस वर्षांची होते, आणि माझं बोट त्याच्या टेबलावर कापलं.

टर्बाइनची पाती तापून वितळू नयेत म्हणून ती आतून पोकळ ठेवतात आणि त्या पोकळीतून हवा सोडतात. वाट गुळगुळीत असेल तर हवा नुसती निघून जाते. मध्ये बारीक कंगोऱ्यांसारख्या फिन उभ्या केल्या की ती अडखळते, घुटमळते, उष्णता उचलते. पण मग तिला ढकलायला जोरही जास्त लागतो. उष्णता भरपूर उचलावी आणि जोर कमी लागावा, असा आकार शोधणं हे माझं काम. मी ड्रॉइंग काढायची आणि वर्कशॉपमधला फिटर पितळी पट्टीवर फिन कोरायचा. त्याला सगळे ‘केसभर’ म्हणायचे, कारण केसभर चूकही त्याला खपायची नाही.

त्या दिवशी पट्टी न्यायला मी स्वतःच खाली गेले. उचलली मात्र... बोटातून रक्त.

“विचारायचं तरी होतंत, मॅडम. धार आहे तिला.”

“धार मीच ड्रॉइंगमध्ये लिहिली आहे.”

“मग तक्रार कोणाकडे करणार?” हसत हसत त्यानं धुतलेल्या चिंधीची पट्टी बोटाला बांधली. इतक्या सफाईनं, की दोन दिवस ती सोडवावीशी वाटली नाही.

पुढं दुसरी पट्टी घेऊन तो स्वतःच वर माझ्या चाचणीच्या खोलीत आला. सांधे हवाबंद आहेत का ते बघायला म्हणे. हवा ढकलणारा ब्लोअर सुरू केला की तापमान स्थिर व्हायला चाळीस मिनिटं लागत, आणि तोवर खोलीचं दार उघडायचं नाही असा माझा नियम होता.

“म्हणजे मी अडकलो?”

“तुम्हीच आत आलात.”

“तक्रार कुठं केली?” तो काचेच्या नळीतल्या लाल पाण्याकडे बघत म्हणाला. पाणी नळीत जितकं चढेल तितका हवेला जोर जास्त. मीही तिकडेच बघत होते... बहुतेक.

आकडे आले ते अजबच. उष्णता जवळजवळ पहिल्या पट्टीइतकीच, पण जोर पाव हिश्शानं कमी! कुठंतरी गळती असणार. तीन दिवस मी साबणाचं पाणी लावून सांधे तपासले. बुडबुडा नाही. चौथ्या दिवशी पट्टी बाहेर काढली आणि सहज फिनवर बोट दाबलं. लागलं नाही.

मी तडक खाली गेले.

“ड्रॉइंगमध्ये काय लिहिलंय?”

“तीक्ष्ण कड.” कानस खाली ठेवून तो उभा राहिला. “पण ही पट्टी तुम्ही दिवसातून दहा वेळा काढणार-घालणार. म्हणून... जराशी गोल केली. वाटलं, एवढ्यानं काय बिघडतंय.”

“बिघडलं नाही, सुधारलंय! साहेबांना सांगावं लागेल.”

त्याचा चेहरा उतरला. ड्रॉइंग मोडलं म्हणून आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख साहेबांनी आधीच्या फिटरला घरी बसवलं होतं. “गोलाई तुम्हीच सांगितलीत म्हणा. माझं नाव नको.”

“नाव तुमचंच येईल. खोटा रिपोर्ट मी लिहीत नाही.”

साहेबांच्या टेबलावर मी दोन्ही आलेख ठेवले आणि सगळं सांगितलं, अगदी कापलेल्या बोटासकट. ते चवताळले. “फिटर ठरवणार ड्रॉइंग? आणि हातानं मारलेली गोलाई, दर कडेला वेगळी असेल. उद्या या आकड्यांवर कोण विश्वास ठेवील?”

“मोजा, साहेब. सारखी नसेल तर आम्हा दोघांनाही काढा.”

त्यांनी भिंग लावून चोवीसच्या चोवीस कडा मोजल्या. अर्धा मिलिमीटर. सगळ्या.

भिंग त्यांनी खाली ठेवलं. मग म्हणाले, “चाचणी पुन्हा घ्या. आणि रिपोर्टवर त्या गाढवाचंही नाव घाला.”

दुसऱ्या चाचणीला आम्ही दोघं पुन्हा त्याच खोलीत. दार बंद.

“चाळीस मिनिटं आहेत,” मी म्हटलं. “काय बोलायचं ते बोलून घ्या.”

“चाळीस पुरायची नाहीत, मॅडम.”

“आधी ते मॅडम सोडा. किती लागतील?”

“तुम्ही सांगा... ड्रॉइंग तुमचं.”

“मग जन्मभराचं काढते. पण या वेळी ड्रॉइंगबाहेर जायचं नाही.”

“जाणार,” तो म्हणाला. “जिथं तुम्हाला लागेल, तिथं जाणारच.”

लाल पाणी कधी स्थिर झालं, दोघांनाही कळलं नाही. चाचणी तिसऱ्यांदा घ्यावी लागली.

इंजिनीअर मुलीला फिटर नवरा म्हणून आईनं महिनाभर अबोला धरला. नंतर तिच्या कपाटाचं दार त्यानं नीट बसवलं, तेव्हापासून ती मरेपर्यंत त्याच्याच बाजूनं भांडली. साहेबांनी निवृत्तीच्या दिवशी ती पहिली पट्टी आठवण म्हणून मागून नेली आणि पेटीत ठेवताना बोट कापून घेतलं. मी त्याच प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून बाहेर पडले.

केसभर आता ब्याऐंशीचा आहे. हात थरथरतात, तरी घरात नवा पत्र्याचा डबा आला की आधी झाकणाच्या कडेला कानस लागते. परवा मी ओरडलेच, “अहो, राहू द्या! कापून घ्याल!”

मान वर न करता तो म्हणाला, “कापलं तर कापलं. चिंधी बांधायची पाळी आता तुझी.”