धरून ठेवलेली जागा

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी यात मीठमसाला घालणार नाही, कारण यातली बाई माझी सख्खी धाकटी बहीण आहे.

आणि हे रात्री घडलेलं नाही. भुतं अंधाराची वाट बघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी जानेवारीत नारिन शहराच्या पलीकडे, आमच्या डोंगरांत येऊन बघावं. घडलं ते भरदिवसा. लख्ख ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात श्वाससुद्धा मिशीवर गोठत होता.

माझा मेहुणा काल्मात तेव्हा कोळशाच्या एका खाणकंपनीत गाड्या तपासायचा. त्याने पास केल्याशिवाय एकही गाडी आवाराच्या फाटकाबाहेर पडत नसे. त्याची बायको, म्हणजे माझी बहीण गुलसून, वर खाणीवरच्या खानावळीत स्वयंपाक करायची. पंधरवडाभर वर, पंधरवडाभर घरी. येणं-जाणं कंपनीच्या बसने, ताशबेल घाटातून.

त्याच घाटात आदल्या हिवाळ्यात बेइशेन गेला.

बेइशेन हा त्या बसचा जुना ड्रायव्हर. रिकामी बस घेऊन खाली येत होता. ब्रेकच्या हवेच्या नळीत पाणी गोठलं, ब्रेक लागलेच नाहीत. बस कठडा तोडून दरीत घसरली आणि खडकांवर अडकली. तो बाहेर फेकला गेला. लोक पोहोचले तेव्हा तो बर्फात बसलेला होता, गुडघ्यांवर हात ठेवून… एकटाच.

त्या आठवड्यात काल्मात तापाने अंथरुणाला खिळला होता. बस कुणी पास केली, ते त्याला कुणी धड सांगितलं नाही.

बेइशेनच्या दोन गोष्टी सगळ्यांना पाठ होत्या.

एक म्हणजे जागेचा नियम. आमच्याकडे माणसं लवकर येऊन सीटवर टोपी, हातमोजा, काहीतरी टाकतात आणि चहाला जातात. बेइशेन म्हणायचा, "माझ्या गाडीत वस्तू ठेवलीत की जागा तुमची. तुम्ही स्वतः उचलेपर्यंत तिथे खुद्द मालक आला तरी बसणार नाही. आणि जागा धरलेल्याला मागे टाकून मी निघणार नाही."

दुसरी म्हणजे त्याची हाक. उशीर करणाऱ्यासाठी तो हॉर्न वाजवत नसे. ब्रेक दोनदा दाबून सोडायचा.

फुस्स… फुस्स.

की सगळे हातातला चहा टाकून धावत सुटायचे.

कंपनीने तीच बस दरीतून वर काढली. ठोकून, रंगवून, वर्षभराने पुन्हा रस्त्यावर आणली. आणि पहिल्याच फेरीला गुलसून जाणार होती.

"आज नको जाऊस," काल्मात सकाळी म्हणाला होता.

"का? वरची माणसं उपाशी ठेवू? तुम्ही तपासताय ना गाडी? मग मी कशाला भिऊ?"



बस गॅरेजमध्ये, गाडी खालून तपासायच्या खड्ड्यावर उभी होती. माणसं आत वस्तू ठेवून चहाला गेली होती. ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर गुलसूनची लाल फुलांची शाल होती. तिची नेहमीची जागा.

काल्मात खड्ड्यात उतरला. आधी ब्रेकच्या हवेच्या टाक्यांचे नळ उघडले. हवेबरोबर गढूळ पाणी बाहेर आलं. कुणीतरी पाणी न काढताच गाडी उभी केली होती. काल्मातने एक शिवी हासडली, टाक्या पार रिकाम्या केल्या आणि नळ बंद केले.

आता इंजिन चालू करून हवा भरायची आणि ब्रेक बघायचे. हे काम दोघांचं. एक खाली, एक वर पेडलवर. गॅरेजच्या गोंगाटात हाक ऐकू येत नाही, म्हणून खालचा माणूस पान्याने चेसीवर ठोकतो. एक ठोका, दाब. दोन ठोके, सोड.

शेजारी एका ट्रकचं इंजिन धडधडत होतं. बसचं इंजिन चालू आहे की बंद, तेही त्यात कळलं नसतं.

तेवढ्यात डोक्यावरच्या पत्र्यात पावलं जाणवली. पुढे गेली. ड्रायव्हरच्या सीटखालचा पत्रा दबला.

अझात आला वाटतं, काल्मातच्या मनात आलं. अझात म्हणजे बसचा नवा ड्रायव्हर. इंजिन चालू होऊन हवा भरेल इतका वेळ काल्मात थांबला, मग त्याने एक ठोका दिला.

पुढच्या चाकांचे ब्रेकचे दांडे बाहेर सरकले. छान.

दोन ठोके. परत आत.

मागच्या चाकांकडे गेला. एक ठोका. डावा सरकला. उजवा सरकला. लोण्यातून सुरी फिरावी तसा.

काल्मातचा जीव भांड्यात पडला. त्याने दोन ठोके दिले.

दांडे आत गेले…

आणि मग, त्याने काहीही न ठोकता, पुन्हा बाहेर आले. आत गेले. पुन्हा बाहेर. पुन्हा आत.

फुस्स… फुस्स.

काल्मातच्या हातातला पाना खाली पडला.

अशी मस्करी करायची अझातची हिंमत नव्हती. बेइशेनची ही खोड कुणी चुकूनही करत नसे.

तो शिडी चढून वर आला. ड्रायव्हरच्या खिडकीतून आत बघितलं.

सीट रिकामी होती.

सीटच्या रेक्झिनवर बसल्याचा खळगा होता… आणि तो हळूहळू भरून येत होता.

"बायके, कुठवर आलं?" मागून आवाज आला. मोठ्या माणसाला आम्ही बायके म्हणतो, दादा म्हणावं तसं. अझात तोंडात पाव कोंबून उभा होता. "फेरीआधीच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी रखडवलं. दोनदा रक्तदाब घेतला. मी काय नवरदेव आहे का?"

"चावी कुठाय?"

"ही काय, माझ्या खिशात."

काल्मातने हवेच्या काट्याकडे पाहिलं. काटा शून्यावर होता. इंजिन चालूच झालं नव्हतं. टाक्या त्याने स्वतः रिकाम्या केल्या होत्या. हवेशिवाय ते दांडे हलूच शकत नाहीत…

आणि त्याने ते डोळ्यांनी हलताना बघितले होते.

त्याने ट्रक बंद करायला लावला. "बस पेडलवर," तो अझातला म्हणाला. इंजिन चालू केलं, हवा भरली. काल्मात पुन्हा खड्ड्यात उतरला.  त्याचं माणूस जायचं होतं त्या गाडीतून.

एक ठोका.

पुढचे सरकले. मागचा डावा सरकला.

मागचा उजवा जागचा हलला नाही.

नळीत बर्फ होता. बेइशेनच्या वेळी होता तसाच. मघाशी हाच दांडा लोण्यासारखा सरकला होता. कुणीतरी त्याला दाखवत होतं की सगळं ठीक आहे, येऊ दे बस वर…

"गाडी जाणार नाही," काल्मात वर येऊन म्हणाला.

आवाराचे प्रमुख ओरोझबेक तावातावाने आले. "काय नाटक लावलंयस? घाट दुपारी बंद होणार. वर माणसं बदलीची वाट बघतायत! एक नळी गोठली तर शेकून घे की."

"नुसती शेकून नाही जमायचं, बायके. सगळ्या नळ्या काढून बघायला लागतील."

"मी सांगतोय, सोड!"

"सोडतो. तुम्ही पहिल्या सीटवर बसा. लगेच सोडतो."

ओरोझबेकनी बसकडे बघितलं. घाम पुसावा तसा कपाळावरून हात फिरवला आणि पुटपुटत निघून गेले. फेरी रद्द झाली.

चहा संपवून माणसं वस्तू घ्यायला आली. गुलसून सगळ्यांत पुढे. बसमध्ये चढली आणि तिथेच थांबली.

"अहो… माझी शाल?"

सीट रिकामी होती. सगळ्याच सीटा रिकाम्या होत्या. एक टोपी नाही, एक हातमोजा नाही. माणसं एकमेकांवर चोरीचा आळ घेऊ लागली, चांगलीच जुंपली.

त्या गडबडीत फोन वाजला. घाटाच्या तोंडाशी कंपनीचा नाका आहे, तिथल्या सायरा एजेंचा, म्हणजे सायराताईंचा, फोन होता. वर जाणारी प्रत्येक गाडी त्या बघतात.

"काल्मात, तुमची बस आत्ताच वर सोडली हं," त्या म्हणाल्या. "पण माणसं कुठायत रे? एकटा ड्रायव्हर होता. मान वळवून बघितलंसुद्धा नाही. आणि सीटांवर नुसत्या टोप्या न् हातमोजे. पुढे एक लाल फुलांची शाल."

काल्मातने मागे वळून बघितलं.

बस खड्ड्यावरच उभी होती.

वर खाणीवर त्या दिवशी कुठलीही बस पोहोचली नाही.

मे महिन्यात बर्फ वितळलं. मेंढ्या घेऊन वर जाणाऱ्या एका मेंढपाळाने निरोप धाडला, दरीत तुमच्या लोकांचे कपडे पडलेत. सगळे गेले. काल्मात आणि गुलसूनही गेले.

खडकांच्या खाली, बेइशेन सापडला होता तिथेच, टोप्या आणि हातमोजे मांडलेले होते. दोन-दोनच्या ओळींत. मधून चालायला वाट सोडलेली. सगळ्यांत पुढे एकटी लाल फुलांची शाल.

 ज्याने त्याने आपापली वस्तू उचलली, खिशात कोंबली आणि मागे न बघता निघाला.

गुलसून शालीकडे वाकली. काल्मातने तिचं मनगट धरलं.

"हात लावायचा नाही."

"अहो, माझ्या आईने दिलेली आहे ती."

"दुसरी घेऊ. त्या जागेवरची वस्तू माझ्या घरात नको."

त्याने तिला ओढतच वर आणलं. जीव होता म्हणून ओढलं, दुसरं काय? पुढच्या पावसात दरड कोसळली आणि ती जागा गाडली गेली. शाल आता कुणालाच सापडायची नाही.

बाकीच्यांचं सगळं ठीक चाललंय. गुलसूनने नोकरी सोडली. बस भंगारात गेली.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. दुपारची वेळ. आम्ही तिघं चहा पीत बसलो होतो. त्यांची गल्ली इतकी अरुंद की तिथे गाढवाची गाडीसुद्धा अवघडून वळते.

फाटकाबाहेर आवाज आला.

फुस्स… फुस्स.

काल्मात ताडकन उठला. मी खिडकीतून बघितलं. गल्ली रिकामी होती.

मागे वळलो तर गुलसूनने कप खाली ठेवला होता आणि ती उठून बूट घालत होती. शांतपणे, कामाला निघाल्यासारखी.

"कुठे निघालीस?" मी ओरडलो.

तिने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, पण हात नाड्या बांधतच होते.

"मी माझी वस्तू उचलली नाही ना, दादा," ती म्हणाली. "तो मला सोडून निघणार नाही."

काल्मातने दाराला कडी घातली आणि दाराला पाठ लावून बसला. तेव्हापासून तो तिथेच बसतो. झोपतोही तिथेच.

काल त्याचा फोन आला. आवाज आता रोज येतो म्हणाला. आता फाटकाबाहेरून नाही… अंगणातून.