मुळं फुटलेला कांदा

विद्युल्लता एकेक कांदा उचलायची, उलटा करून बुडखा बघायची आणि परत ठेवायची. असे वीसेक कांदे झाल्यावर मोखाड्याच्या बाजारातल्या त्या तरुण दुकानदाराला राहवेना.

"मॅडम, कांदा असा खालून कोण बघतं?"

"मुळं… मुळं फुटलेला एखादा आहे का?"

"मुळं फुटली म्हणजे माल गेला! तसला कांदा धनेशच्या दुकानात मिळायचा नाही." तो हसला आणि त्याच्या गालावर खळी पडली. विद्युल्लताने उगाचच आणखी एक कांदा उलटा केला.

मग सगळं सांगावंच लागलं. ती जव्हारची, इथल्या शाळेत नववीला विज्ञान शिकवायची. पेशी कशी विभागते, ते तीन वर्षं फळ्यावर काढत आली होती. परवा वेणू नावाच्या मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही हे खरंच बघितलंय?" आणि ती "हो" म्हणून मोकळी झाली. धडधडीत खोटं! तेव्हापासून तिला चैन पडत नव्हतं. कांद्याच्या मुळाच्या टोकाशी पेशी सतत विभागत असतात, म्हणून तिने जव्हारच्या कॉलेजातून मायक्रोस्कोप मागून आणला होता. तो शनिवारी दुपारी परत द्यायचा होता.

"पोरांना खरं कधी सांगणार?"

"बघितल्यावर. आधी बघू तर द्या मला!"

धनेशने पाच ग्लासांत पाणी भरलं, बुडखा जेमतेम टेकेल असे पाच कांदे वर बसवले. "शाळेत उंदीर खातील. इथेच राहू द्या… म्हणजे तुमचं रोज येणं होईल." शेवटचं वाक्य त्याने इतक्या हळू म्हटलं, की न ऐकल्यासारखं करणं तिला सोपं गेलं.

ती रोज शाळा सुटल्यावर यायला लागली. मुळं वाढत होती, त्याचे प्रश्नही.

"विभागायच्या आधी पेशी काय करते?"

"बराच वेळ काहीच दिसत नाही. पण आत तयारी चालते. गुणसूत्रं म्हणजे पेशीतले धागे, त्यातल्या प्रत्येक धाग्याची दुसरी प्रत होते, ती नीट झालीय का तेही तपासलं जातं."

"आणि झाली नसेल तर?"

"थांबते."

"शहाणी आहे," धनेश म्हणाला आणि तिच्याकडे बघतच राहिला.

विभागणी सकाळी जोरात असते, असं तिने वाचलं होतं. शनिवारी सकाळची शाळा, म्हणून नऊच्या सुट्टीत मुळं कापायची असं ठरलं. पण शुक्रवारी ती आली, तर ग्लास रिकामे आणि टोपलीत पाच कांदे लख्ख!

"सगळ्यांना मुळं फुटली होती हो," धनेशचे वडील, दामोदरशेठ, अभिमानाने म्हणाले. "मीच कापून टाकली."

त्या भल्या माणसाला बोलणार तरी काय? तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"सहावा आहे," धनेश पुटपुटला.

"पाचच तर होते!"

"घरी, माझ्या खिडकीत… त्याच दिवशी लावला. तुम्हाला काय बघायचंय, ते मलाही बघायचं होतं."

शनिवारी नऊला तो कांदा घेऊन शाळेत हजर झाला. विद्युल्लताने मुळाचं टोक कापलं, लाल रंगात घालून दिव्यावर जरा गरम केलं, काचेवर ठेवलं, वरून दुसरी काच ठेवून अंगठ्याने दाबलं. मग डोळा लावला. गुलाबी चौकोनच चौकोन, सगळे निवांत… आणि मग –

"धनेश!" तिने त्याला पहिल्यांदाच नावाने हाक मारली. एका चौकोनात धाग्यांचे दोन पुंजके दोन टोकांकडे निघाले होते. चित्रातल्यासारखेच, पण खरे! ती बाजूला सरकली आणि त्याला पुढे केलं.

तो कितीतरी वेळ बघत राहिला. "वाटणीत कुणाला कमी आलं?"

"कुणालाच नाही. दोघांनाही सगळं मिळतं."

"आता मध्ये भिंत येईल?"

"नाही. रंगात टाकल्यावर ती थांबली. आता कायम अशीच, अर्ध्यावर."

धनेशने डोळा उचलला. त्याचे कान लालेलाल झाले होते. "माझं असं नको व्हायला. मॅडम… मला तुम्ही आवडता. फार आवडता."

सुट्टी संपल्याची घंटा झाली. दाराशी नववीचा गलका ऐकू आला.

"आधी मला वर्गाला खरं सांगू द्या," विद्युल्लता म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "मग बाराच्या जीपने हा मायक्रोस्कोप जव्हारला न्यायचाय. तुम्ही सोबत चला. आई-बाबा घरीच असतील."

"त्यांना काय सांगू?"

"आत्ता मला सांगितलंत, तेच."