वेचलेल्या काजी

मसुऱ्याच्या रस्त्यावर माझी स्कूटर बंद पडली, ती नेमकी प्रीतमच्या काजूबागेसमोर. तो बाहेर आला; प्लग पुसता पुसता त्यानं विचारलं, "खंय निघालंस गो?"

"काजी शोधूक."

कॉलेजच्या संख्याशास्त्राच्या प्रकल्पासाठी मला एकाच बागेतल्या काजूबियांची वजनं हवी होती.

"इतक्याच? माझ्याकडसून ने."

मग मी रोज जाऊ लागले. तो पिशवी भरून ठेवायचा... आणि न बघितल्यासारखं बघायचा. मीही. पण मे संपायच्या आत आई, पप्पा आणि मी कायमचे लिस्बनला जाणार होतो. त्याला सांगायचा धीरच होत नव्हता.

आलेख काढला आणि मी चक्रावले.

"प्रीतम, ह्या नॉर्मल नाय रे. एकाच जातीची झाडां. मधल्या वजनाच्यो काजी जास्त, मगे हलक्यो नि जड दोनय बाजूंक सारख्यो कमी होत जावक व्हये. घंटेसारखो आकार. ह्या घंटेची डावी बाजू कोणी कापल्यान? हलक्यो खंय गेल्यो?"

त्यानं पायानं पाचोळा बाजूला सारला.

"काढून टाकलंय," तो म्हणाला. "तुका... बारकी काज कशी देव?"

मला हसू आलं — आणि हसता हसता रडू. तिथंच लिस्बनचं सांगून टाकलं. तो बांधावर बसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी डोळे मिटून, हाताला येईल ती काज उचलली. प्रत्येक झाडाखालून. वजनं केली. या वेळी आलेखाचे खांब मधे चढले, दोन्हीकडे हळूहळू उतरले. सरासरी आणि मधलं वजन जवळजवळ एकच आलं.

"आता झाला?"

"झाला." यायला आता काही निमित्त उरलं नव्हतं. "प्रीतम... माका थांब म्हण."

"म्हटलंय तर थांबतलंस?"

नोकरी सोडून बसलेले पप्पा, रोज संध्याकाळी पोर्तुगीज शब्द घोकणारी आई डोळ्यांसमोर आली.

"नाय," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. फाटक उघडून धरलं, आणि मी बाहेर पडेपर्यंत माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.