बर्फ नसलेलं छप्पर

"दोनदा!" आजोबांनी दोन बोटं वर केली. "आपल्या संघानं होमरन मारला, की मी गाडीचे दिवे दोनदा लावून विझवणार. तुम्ही वरच्या मजल्यावरच्या काचेतून बघायचं. कबूल?"

"कबूल!" रेनाटा आणि तिचा मित्र डेसमंड एकदम ओरडले.

वसंताची सुट्टी सुरू झाली होती, पण मिलवॉकीतली थंडी काही हटली नव्हती. शबॉयगनहून निघालेली, आत झोपण्याबसण्याची सोय असलेली आजोबांची जुनी कॅम्परगाडी स्टेडियमच्या वाहनतळावर उभी होती. जिकडे तिकडे गाड्यांच्या मागे कोळशाच्या शेगड्या पेटल्या होत्या. सामन्याआधी इथंच भाजायचं, इथंच खायचं. रेनाटाचा गॉर्डीकाका चिमट्यानं सॉसेज उलटत होता.

"डेसमंड, बेसबॉलचा पहिलाच सामना ना तुझा?" काकानं विचारलं. "मग दोन खा! उपाशी माणसाला ओरडता येत नाही."

"तीन झाले त्याचे," रेनाटा म्हणाली.

"अडीच!" डेसमंड तोंड भरलेलं असतानाच म्हणाला.

रेनाटानं आजोबांचा हात धरला. "आजोबा, तुम्हीपण आत चला ना!"

"मला रेडिओच बरा," आजोबा म्हणाले आणि ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसले. त्यांच्या बाजूची काच बोटभर खाली अडकली होती. तिथून गार वारा आत येत होता. ती दुरुस्त करतो, असं काका नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून म्हणत होता.

"काका, हीटरपण बंद आहे. आजोबा गारठतील," रेनाटा म्हणाली.

"बघतो मी! तुम्ही पळा, नाहीतर खेळाडूंचा सराव चुकेल. मी आलोच मागून."

दोघं पळाले.

स्टेडियमचं छप्पर मिटलेलं होतं. आत दिव्यांचा लखलखाट, हिरवंगार मैदान आणि माणसंच माणसं! डेसमंड पायरीवरच थांबला. मागचा माणूस त्याच्यावर आपटला.

"आ मिट, माशी जाईल," रेनाटा म्हणाली.

त्यांच्या जागा अगदी वर होत्या. खाली मैदानालगत दोन खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या. बाकी सगळी रांग भरलेली.

"आपण तिथं बसू या का?" डेसमंडनं विचारलं.

"त्या आजी-आजोबांच्या आहेत. दरवर्षीच्या." रेनाटा जरा थांबली. "आजी गेल्यापासून आजोबा तिथं बसत नाहीत. शेजारी रिकामी खुर्ची असते ना."

डेसमंडनं स्टेडियमच्या दुकानातून घेतलेली लाकडाची छोटी बॅट मांडीवर नीट ठेवली.

पहिल्याच डावात ठोक्! चेंडू उंच उडाला आणि कुंपणापार प्रेक्षकांत जाऊन पडला. होमरन! गॉर्डीकाकाचे चिप्स शेजारणीच्या टोपीत गेले. दोघं धावत मागच्या काचेपाशी पोचले. खाली गाड्यांचा समुद्र होता. त्यात दूर कुठंतरी दोन दिवे लागले, विझले. पुन्हा लागले, विझले.

"दिसले! दिसले!" डेसमंड नाचायला लागला.

बाहेर बर्फ भुरभुरायला लागला होता.

चौथ्या डावात पुन्हा होमरन झाला. पुन्हा दोघं काचेपाशी. खाली सगळं पांढरं झालं होतं. दोघं वाट बघत राहिले. दिवे लागले नाहीत.

"झोपले असतील," डेसमंड म्हणाला.

"आजोबा? सामना चालू असताना?" रेनाटा म्हणाली. "गुडघ्याच्या ऑपरेशनला भूल देत होते, तेव्हासुद्धा ते नर्सला स्कोअर विचारत होते!"

तिनं काचेला नाक लावलं.

"रेनाटा," डेसमंड हळूच म्हणाला, "ते बघ. सगळ्या गाड्यांच्या छपरावर बर्फ साचलाय. एकाच गाडीवर नाही. ती काळी दिसतेय ती."

"ती आपलीच!"

"पण मग बर्फ का वितळला? हीटर तर बंद आहे!"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि जागेकडे धूम ठोकली.

"काका! शेगडी कुठं ठेवलीस?"

"शेगडी? गाडीत." काकानं मैदानावरची नजर काढली नाही. "निखारे मस्त लाल होते. ते वाहनतळावरच्या निखारे टाकायच्या लोखंडी पिंपात ओतून वाया कशाला घालवायचे? म्हटलं, बाबांना तेवढीच ऊब. काळजी नको, धूर अजिबात नव्हता."

डेसमंडचा चेहरा पांढरा पडला. "काका, धूर नसला तरी निखाऱ्यांतून विषारी वायू निघतो! आमच्या शाळेत अग्निशमन दलाचे लोक आले होते. त्या वायूला वास नसतो. माणसाला नुसती झोप येते, आणि मग..."



"शाळेत काहीही घाबरवतात तुम्हाला! बाबांच्या बाजूची काच उघडी आहे ना! बसा खाली."

"गाडीची किल्ली दे!"

"किल्ली बाबांकडेच आहे. आणि एकदा बाहेर पडलात की परत आत घेत नाहीत, माहितंय ना? अजून अर्धा सामना... अरे! ए पोरांनो!"

पण दोघं पायऱ्या उतरत होते. डेसमंड पुढं होता. हा सामना बघायला तो किती महिने थांबला होता, हे रेनाटाला माहीत होतं. त्यानं एकदाही मागं वळून मैदानाकडे बघितलं नाही.

फाटकावर लोकरी टोपीतल्या एका आडदांड बाईंनी हात आडवा घातला. "मोठं माणूस कुठाय? एकट्या मुलांना बाहेर सोडत नाही मी."

"माझे आजोबा गाडीत..."

"आधी मोठं माणूस आणा."

रेनाटानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं, गाल फुगवले आणि बाईंच्या नव्या कोऱ्या बुटांवर वाकली. "उब्... उब्..."

"तिनं तीन सॉसेज खाल्लेत!" डेसमंड किंचाळला. "आता इथंच होणार!"

"अगं बाई! माझे बूट!" बाई टुणकन बाजूला उडाल्या. दोघं त्यांच्या हाताखालून निसटले.

"रुग्णवाहिका पाठवा!" डेसमंड पळता पळता ओरडला. "गाडीत विषारी वायू साठलाय! आत आजोबा आहेत! ज्या छपरावर बर्फ नाही, ती गाडी! खरंच सांगतोय!"

त्याच्या आवाजात रडू होतं. बाईंनी ते ओळखलं. त्यांनी खांद्यावरचा वायरलेस तोंडाशी नेला.

वरून सोपं दिसत होतं. खाली सगळ्या गाड्या सारख्याच! पांढऱ्या, मुक्या. माणूस एक नाही. रेनाटा दोनदा घसरली. वरून गाडी दिव्याच्या खांबाजवळ दिसली होती, पण आता दहा खांब दिसत होते. आजी गेली त्या दिवशी हॉस्पिटलच्या लांब बोळातून ती अशीच धावली होती. पोचली तेव्हा उशीर झाला होता.

"बर्फ नसलेलं छप्पर शोध!" डेसमंड एका ट्रकच्या मागच्या फळीवर चढला. "तिकडे! डावीकडे!"

आजोबा ड्रायव्हरच्या जागेवर होते. डोकं काचेला टेकलेलं, तोंड उघडं. गाल लालबुंद दिसत होते. आत रेडिओवर सामना चालू होता.

"आजोबा!" रेनाटानं काच बडवली. "आजोबा, होमरन झाला! दिवे लावा ना!"

आजोबा हलले नाहीत. दारं आतून बंद होती.

"मी दुसऱ्या बाजूची काच फोडतो. तू तोंड फिरव." डेसमंडनं बॅट उचलली. पहिला फटका वाया गेला. दुसऱ्याला काचेवर जाळं उमटलं. तिसऱ्याला बॅटही मोडली आणि काचही. "श्वास घेऊ नकोस!" असं स्वतःलाच बजावत त्यानं हात आत घालून दार उघडलं, बाकीची दारं उघडायची कळ दाबली आणि मागं उडी मारली. रेनाटानं आजोबांच्या बाजूचं दार ओढलं. दोघांनी त्यांचे हात धरून ओढलं, पण आजोबा जागचे हलेनात.

"ओढ!"

"ओढतेय!"

तेवढ्यात मागून दोन मोठे हात आले. फाटकावरच्या बाई! धापा टाकत त्यांनी आजोबांना काखेत धरलं आणि बर्फावर आणून निजवलं. मागोमाग रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला. चालक थेट त्यांच्यापाशीच आला. बिनबर्फाचं छप्पर त्याला लांबूनच दिसलं होतं.

नाकावर प्राणवायूची नळी लागली. रेनाटा आजोबांचा हात सोडेना. कितीतरी वेळानं त्यांची बोटं हलली.

"स्कोअर..." आजोबा पुटपुटले, "स्कोअर काय झाला?"

रेनाटा हसायला गेली आणि ओक्साबोक्शी रडली.

गॉर्डीकाका धावत आला तेव्हा त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती. मागच्या बाजूला शेगडीतले निखारे अजून लाल होते. त्यांच्याकडे बघत तो मटकन बर्फात बसला.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्या बोटभर फटीनं थोडा वेळ मिळवून दिला. बाकी सगळं या दोघांनी केलं. अजून थोडा उशीर झाला असता, तर मला काही करता आलं नसतं. शाबास, मुलांनो!"

"काच फुटली त्याचं..." डेसमंड चाचरला.

"काच मी बसवतो," काका खाली मान घालून म्हणाला. "आजच. हीटरही. आणि पोरांनो, यापुढं तुम्ही सांगाल ते आधी ऐकेन, मग हसेन."

फाटकावरच्या बाई बिस्किटांचा पुडा घेऊन आल्या. त्यांनी रेनाटाकडे डोळे वटारले. "नाटकी कुठली! माझ्या बुटांवर म्हणे!" आणि तिला घट्ट मिठी मारली.

आजोबा डेसमंडकडे बघत होते. "तुझा पहिलाच सामना. आणि तू अर्ध्यातून उठलास."

"पुन्हा कधीतरी बघू," डेसमंड म्हणाला.

"पुन्हा कधीतरी नाही. जूनमध्ये."

जूनमध्ये छप्पर उघडं होतं आणि मैदानावर ऊन पडलं होतं. आजोबा आपल्या खुर्चीपाशी आले, शेजारच्या खुर्चीवरून त्यांनी रुमाल फिरवला आणि क्षणभर हात तसाच ठेवला.

"बस," ते डेसमंडला म्हणाले. "ती नेहमी कोपरानं ढोसायची मला. तू ढोसलंस तरी चालेल."

गॉर्डीकाकानं पैसे भरून पलीकडची जागा मिळवली होती. ती रेनाटाची. तो स्वतः वर, शेवटच्या रांगेत.

ठोक्! चेंडू उन्हात वर गेला, वर गेला आणि कुंपणापार पडला. सगळं स्टेडियम उठलं. डेसमंडचं कोपर आजोबांच्या बरगडीत बसलं. आजोबांनी त्याच्याकडे बघितलं, मग हात वर केला आणि मूठ उघडून मिटली. पुन्हा उघडली, मिटली.

"दिसले!" रेनाटा ओरडली.