सुषुप्तिलय

दुपारी वाहन-चाचणी प्रयोगशाळेच्या शेडमध्ये डॉ. इरावती मुळगुंद गाडीखाली आडवी होऊन चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या पत्र्याचे बोल्ट काढत होती. असा पत्रा प्रत्येक विजेच्या गाडीला सक्तीचा झाला होता, तो तिच्याच अहवालामुळे.

गाडी तिच्या थोरल्या भावाची, जयवंतदादाची. आठ वर्षं तो पुणे-नाशिक भाडी मारत होता. वाटेत गाडी चार्जिंगला लावायची, सीट मागे टाकायची आणि तिथेच झोपायचं, हा त्याचा शिरस्ता. पत्रा बसल्याला आज एकोणीस दिवस झाले होते. डोळा लागे, पण गाढ झोप एका रात्रीचीही नाही. हृदय दोनदा अडखळलं होतं. भिंतीला टेकून बसलेल्या दादाचे हात थरथरत होते.

कारण तिला ठाऊक होतं. तिचा सहकारी, मेंदूतज्ज्ञ शकील बागवान याने वर्षापूर्वीच ते शोधून काढलं होतं.

"चार्जिंगच्या वेळी सीटखालच्या तारांतून सेकंदाला एकदा चुंबकीय स्पंदन उठतं," तो म्हणाला होता. "गाढ झोपेत मेंदूची लयही जवळपास तीच."

"म्हणजे झोपेची लय बाहेरून मिळते?"

"आयती मिळते. मग मेंदू ती स्वतः निर्माण करणं सोडून देतो."

दोघांनी त्या लयीला 'सुषुप्तिलय' म्हटलं. महिनाभर अशा क्षेत्रात ठेवलेल्या उंदरांमध्ये, बाहेर काढल्यावर, त्यांची स्वतःची लय तीन दिवसांत परतली, म्हणून इरावतीने अहवालात लिहिलं, 'पत्रा बसवल्यावर झोप उडेल, पण परिणाम तात्पुरता'. आठ वर्षं क्षेत्रात झोपलेला उंदीर कुणाकडे होता?

"इरा, मरण आलं तरी चालेल गं," दादा म्हणाला. "पण हे जागेपण नको."

तिने शेवटचा बोल्ट काढला. चार्जरची वायर जोडली. दादा सीटवर आडवा झाला आणि चौथ्या मिनिटाला घोरू लागला. गाडीच्या दाराशी उभी राहून ती पोटभर रडली.

तासाभराने शकीलचा फोन आला. त्याचा आवाज आनंदाने फुटत होता.

"दादांचा कालचा मेंदूआलेख आत्ता वाचला. सुषुप्तिलय उमटतेय, इरावती! त्यांची स्वतःची! बारीक आहे, पण आहे. आणखी चार-पाच दिवस कळ काढायला सांग. फक्त गाडीत झोपू देऊ नकोस. आत्ता आयती लय मिळाली, तर ही कोवळी लय पुसून जाईल. पुन्हा पहिल्यापासून एकोणीस दिवस काढायचे म्हटलं, तर त्यांचं हृदय टिकायचं नाही."

तिने काचेतून आत झोपलेल्या दादाकडे पाहिलं.

"ऐकतेयस ना?"

"किती वेळात पुसते?"

"उंदरांत वीस मिनिटं लागली होती. का?"

तिने फोन ठेवला. वायर ओढायला पुढे केलेला हात तसाच थांबला. दादाचं तोंड किंचित उघडं होतं. हात आता थरथरत नव्हते.

तिने दार हलकेच लावून घेतलं.